मास्तरनं वाटून दिलेली पापं

मास्तर कधी कुणाच्या दाराची कडी वाजवायचा नाही. रस्त्यावरच उभा राहायचा आणि खणखणीत आवाजात 'नमो मरिया' सुरू करून बरोबर मधोमध थांबायचा. उरलेली अर्धी प्रार्थना घरातून यायला पाहिजे. आली तर चपला काढून आत, नाही आली तर पायरीवर बैठक. घरात भांडण चालू असो, कुणी आजारी असो, त्याला काही घेणं नव्हतं. आमच्या गल्लीतला एक जण अंगाला साबण लावलेला असताना न्हाणीतून ओरडून प्रार्थना पुरी करायचा. कारण मास्तर एकदा पायरीवर बसला की जेवणवेळेपर्यंत उठत नसे, आणि मग त्याला जेवायला घालावं लागे.

हा काही शाळेतला मास्तर नव्हता. सगळी नोकरी लातूर-नांदेड गाडीवर कंडक्टर म्हणून केलेली. रिटायर झाल्यावर फादरनी त्याला आमच्या गावचा धर्मशिक्षक केलं आणि लोक त्याला मास्तर म्हणायला लागले. आमचं गाव रेणापूरच्या अलीकडं. कॅथलिक घरं थोडी. चर्च पत्र्याचं, खाली चटया, एका बाजूला बाप्ये बसणार, एका बाजूला बाया. फादर लातूरहून मोटरसायकलवर यायचे, पण त्यांच्या अंगावर गावं लई, म्हणून आमच्या वाट्याला कधीमधी. बाकीचे दिवस आम्ही मास्तरच्या ताब्यात.

एस.टी. सुटली तरी मास्तरची कंडक्टरकी सुटली नव्हती. चर्चमध्ये लोक दाराशी घोळका करून बसले की हा मागून ओरडायचा, "पुढं सरका, पुढं सरका! देवापाशी सगळी जागा रिकामी हाय आन तुमी दारात लटकायलाव!" म्हातारे असोत, बाळंतिणी असोत, सगळ्यांना पुढं ढकलायचा. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, गेली तेव्हा मातीलाही त्यानं हेच केलं. खड्ड्याभोवती लोक गप उभे, फादर प्रार्थना म्हणायले आणि हा हळूच मागच्यांना म्हणतो, "पुढं सरका, भाऊला एकटं पाडू नका." भाऊ म्हणजे मी. त्या वेळी माझ्या हातात फावडं होतं म्हणून, नाही तर मी त्याला काही तरी केलं असतं. नंतर कळलं, तो म्हणाला ते बरोबरच होतं. पण त्या टायमाला राग आला तो आला.

म्हातारी हयात होती तोवर आमच्या घराला पायरीचा त्रास नव्हता. ती चुलीपुढं बसल्या बसल्या उरलेली अर्धी प्रार्थना म्हणून टाकायची, भाकरी थापायच्या हाताचा ठेकासुद्धा चुकायचा नाही. ती गेली आणि घर गप झालं. मला ती प्रार्थना येत नव्हती असं नाही. म्हणायची नव्हती. ज्यानं माझी बायको उचलून नेली त्याला मी कशाला हाक मारू? मास्तर आला, अर्धी म्हणाला, थांबला. मी आत बाजेवर बसून राहिलो. तो उन्हात पायरीवर बसला. दुपार झाली. शेवटी मीच तांब्याभर पाणी घेऊन बाहेर गेलो.

"मास्तर, घरला जावा. चक्कर यील."

"उत्तर आलं न्हाई."

"येणारबी न्हाई."

"मग बसतो. रिटायर झाल्यापासून मला कुठंच टायमावर पोचायचं न्हाई."

शाळा सुटल्यावर माझी नात सारा आली. दप्तर खाली ठेवायच्या आधी तिनं राहिलेली अर्धी प्रार्थना म्हटली आणि मास्तर चपला काढून आत आला. भाकरी-पिठलं खाल्लं, हात धुतले आणि म्हणाला, "पोरगी तयार हाय. औंदा हिचं पहिलं कम्युनियन."

पहिलं कम्युनियन म्हणजे पोरगं पहिल्यांदा ख्रिस्तशरीर, म्हणजे फादरनी दिलेली पवित्र भाकरीची पातळ चकती, घेतं तो दिवस. आमच्यात लग्नाखालोखाल त्याचं महत्त्व. सारा तेव्हा तिसरीत होती. तिच्या पांढऱ्या फ्रॉकचं कापड म्हातारीनं दुखणं लागायच्या आधीच आणून पेटीत घालून ठेवलं होतं. तिला दुसरं काही बघायचं नव्हतं. सारा वेदीपुढं उभी राहिलेली बघायची, बस्स. ते राहून गेलं. म्हणून मी देवाशी बोलत नसलो तरी हे कम्युनियन झालंच पाहिजे होतं. म्हातारीचं अर्धं सोडलेलं काम होतं ते, आणि करायला मीच उरलो होतो. माझा लेक आणि सून लातूरच्या दाल मिलमध्ये कामाला. सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे.

मास्तरच्या वर्गाला तिसरी-चौथीतली पोरं यायची. पण त्याचा कायदा असा की पोरासंगं घरातलं एक मोठं माणूस पाहिजे. "पोरगं एकटं प्रवास करीत नसतं," म्हणायचा. सारासंगं मी नुसता जाऊन बसायचो. आणि प्रार्थना नुसत्या पोरानं पाठ करून भागायचं नाही. त्याच्याकडं तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा होता. पोरानं प्रार्थना म्हटली की प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कोपऱ्याला एक भोक, आईबापानं म्हटली की दुसरं. बापाचं भोक राहिलं असलं की तो चारचौघांत चिमटा वाजवत म्हणायचा, "हे विनातिकीट." मोठमोठे बाप्ये लाजून चूर व्हायचे.

एक जण रेणापूर-लातूर ऑटो चालवायचा. त्याला दहा आज्ञा काही केल्या पाठ होईनात. मग तो ऑटो चालवताना मोठ्यानं म्हणायला लागला. एके दिवशी मागं एक हवालदार बसलेला. ह्यानं आपलं सुरू केलं, "चोरी करू नको. खोटी साक्ष देऊ नको. शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नको." आणि प्रत्येक आज्ञेला आरशात बघायचा, मागून गाडी येते का म्हणून. हवालदार स्टँडच्या बराच आधी उतरला आणि कधी नाही ते भाडं देऊन गेला. ऑटोवाला अजूनही सांगतो, धर्मशिक्षणाचा मला झालेला फायदा तो हाच.

ख्रिस्तशरीर कसं घ्यायचं त्याचा सराव मास्तर पापडावर करून घ्यायचा. पापड आमची म्हातारी लाटायची. उडदाचा कच्चा पापड, बाटलीच्या झाकणानं त्याच्या गोल गोल चकत्या पाडायच्या. पोरं रांगेत यायची, मास्तर एकेक चकती जिभेवर ठेवायचा. "चावायचं न्हाई! टाळूला लागू द्या, आपोआप इरघळतंय!" पोरं कसली ऐकतात. कचाकचा चावायची आणि रांगेत पुन्हा मागं जाऊन उभी राहायची. म्हातारी गेल्यावर मास्तर माझ्याकडं आला.

"भाऊ, पापड."

"मास्तर, ती गेली. पापड कोण लाटणार?"

"तुमाला हात न्हाईत?"

मी लाटले. काय सांगू, माझा एकेक पापड भाकरीएवढा जाड. एका पोराच्या टाळूला असा चिकटला की मास्तरनं बोट घालून काढला. "ह्ये ख्रिस्तशरीर न्हाई," मला म्हणाला, "ह्यो दगड हाय. पुन्हा लाटा." पुन्हा लाटले. त्या दिवसांत मला करायला तेवढं एकच काम होतं, हे त्याला माहीत असणार. पण तसं काही तो बोलला नाही. पापडच वाईट म्हणत राहिला.

सगळ्यांत अवघड काम कन्फेशनचं. कम्युनियनच्या आधी पोरांनी फादरपाशी जाऊन आपली पापं सांगायची, फादर प्रायश्चित्त देणार, ते पुरं करायचं आणि मग कम्युनियन. पोरं घाबरतात. म्हणून मास्तरला त्याचाही सराव पाहिजे होता. पोराच्या आणि फादरच्या मधे जाळी असते, तशी जाळी आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये कुठली? मास्तर आमच्या परसात गेला. तिथं म्हातारीची बाज पडली होती. तिच्यावरच ती शेवटपर्यंत होती. मला ती घरात बघवत नव्हती आणि कुणाला देववतही नव्हती.

"ही नेतो," मास्तर म्हणाला.

"ही नगं. हिच्यावर ती पडून होती."

"मग लईच बरं. वहिनीला पोरांचं ऐकून घ्यायची सवयच हाय."

मी काही बोलायच्या आत त्यानं बाज डोक्यावर घेतली होती. चर्चमध्ये भिंतीजवळ ती उभी केली. अलीकडं स्टुलावर मास्तर, पलीकडं गुडघ्यावर पोरगं, मधे सुतळीची वीण. बघायला हुबेहूब कन्फेशनची जाळी.

आता ह्या माणसाचं डोकं बघा. पोरांना म्हणाला, "सरावात खरं पाप वापरायचं न्हाई. खरं पाप फादरसाठी. मी आपला साधा मास्तर, तुमचं खरं पाप माझ्या कानात पडलं तर ते ठिवायला माझ्याकडं जागा न्हाई." मग सरावाला खोटी पापं पाहिजेत. तीसुद्धा अशी मोठी की खऱ्यात आणि त्यांच्यात गल्लत व्हायला नको. म्हणून त्यानं पापं वाटली. एकाला, मी लातूर स्टँडवरून एस.टी. पळवून नेली. एकीला, मी सरपंचाच्या घराला कुलूप घालून किल्ली हिरीत टाकली. पोरं लई खूश. एस.टी.वरून तर मारामारी झाली, शेवटी एकाला जाताना आणि दुसऱ्याला येताना अशी गाडी वाटून द्यावी लागली. एका पोराच्या वाट्याला नुसतं शाळा बुडवल्याचं पाप आलं. त्यानं रडून गोंधळ घातला, "मला बारकं पाप दिलं!" संध्याकाळी त्याची आई मास्तरच्या दारात. "का हो मास्तर, आमचं लेकरू काय कमी हाय का बाकीच्यापेक्षा?" मास्तरनं माफी मागून त्याला बँक लुटायला दिली.

साराच्या वाट्याला आलं ते असं: मी गादीवाल्या चाचाची शेळी चोरून बाजारात विकली.

चाचा आमचा शेजारी. कापूस पिंजून गाद्या भरतो, दुकान रस्त्यालाच. त्याच्याकडं जन्मात कधी शेळी नव्हती. म्हणूनच मास्तरनं ते पाप बेतलं होतं, कुणाला खरं वाटायला नको. सारानं मात्र ते मनावर घेतलं. बाजेपलीकडून ती रोज शेळी चोरायची. दावं कसं सोडलं, बाजारात घासाघीस कशी केली, गिऱ्हाईक शिरूरचं होतं, सगळं साग्रसंगीत. मास्तर म्हणायचा, "हिच्यासारखं कन्फेशन मोठ्यांना जमत न्हाई."

रविवारी कम्युनियन होतं. त्याच्या आधी शुक्रवारी फादर आले, पोरांची कन्फेशनं ऐकली आणि पुढच्या गावाला निघून गेले. फादर नवे, वसईकडचे, वयानं कोवळे, पुस्तकातलं मराठी बोलणारे. सारा घरी आली ती भिंतीकडं तोंड करून बसली.

"काय झालं गं?"

"फादरनी शेळी परत द्यायला सांगितली."

मला आधी काही उमगेचना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाजेपलीकडं मास्तर बसायचा तेव्हा ती वाघीण होती. खरे फादर समोर आले आणि तिचं डोकं कोरं झालं. आईला खोटं बोललेलं, मैत्रिणीचं खोडरबर घेतलेलं, खरी पापं सगळी पळून गेली. तोंडात आलं ते पाठ झालेलं. आणि त्या बिचाऱ्या फादरला आमच्या गावात कुणाकडं शेळी आहे, कुणाकडं नाही, ते काय ठाऊक? त्यांनी गंभीरपणानं सांगितलं, चोरलेली वस्तू ज्याची त्याला परत कर आणि मग ख्रिस्तशरीर घे.

सून कामावरून आल्यावर म्हणाली, "अगं पण ते खोटंच होतं न्हवं?"

"आता खरं झालं," सारा म्हणाली. "मी फादरला सांगितलं. शेळी दिल्याबिगर मी कम्युनियन घेणार न्हाई."

रात्रीचं ती जेवायला बसेना. पोरगी आजीवर गेलेली. म्हातारीनं एकदा नाही म्हटलं की बैल लावून ओढलं तरी हलायची नाही. इकडं पेटीतल्या कापडाचा फ्रॉक शिवून खुंटीला लावलेला आणि पोरगी म्हणते मी जाणार नाही. मी मास्तरला बोलावणं धाडलं. तो आला, त्या दिवशी प्रार्थनाबिर्थना काही म्हटली नाही, सरळ आत. ऐकून घेतलं आणि भुईवरच बसला.

"मास्तर, तिला सांगा, काही परत द्यायचं न्हाई म्हणून. तुमचं ऐकंल ती."

"मला अधिकार न्हाई, भाऊ. फादरनी दिलेलं प्रायश्चित्त फादरच बदलणार."

"मग लावा फादरला फोन!"

लावला. आवाज मोठा करून मधे ठेवला. आम्ही सगळे भोवती.

"फादर, मास्तर बोलायलो. ती शेळी..."

"कोणती शेळी?"

"तुमीच द्यायला सांगितलेली."

"मी कुणालाही शेळी द्यायला सांगितलेली नाही."

"कन्फेशनमधी फादर, आमच्या सारानं..."

"मास्तर!" फादर एवढ्यानं ओरडले की फोन थरथरला. "कन्फेशनमधलं एक अक्षर मी बोलू शकत नाही. मला काही आठवत नाही. कोणी काही सांगितलं नाही."

"बरं, मग कन्फेशन सोडून नुसत्या शेळीवर बोलू?"

"कोणत्याच शेळीवर बोलता येणार नाही!"

"मग पोरगीच बोलंल. दिऊ का तिच्याकडं?"

"कन्फेशन फोनवर होत नसतं. रविवारी येतो तेव्हा बघू." फोन बंद.

खरं आहे त्यांचं. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादरनं बाहेर काढायचं नसतं, मान कापली तरी. सांगणारा गावभर सांगत फिरला तरी चालतं, ऐकणाऱ्यानं गप. पण रविवारी फादर येणार ते दुसऱ्या गावची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, उरकून, धावतपळत, आल्या आल्या वेदीवर. आणि तोवर पोरगी उपाशी.

मास्तर भुईवरूनच पोरीकडं सरकला. मग साराला म्हणाला, "बाय, पाप तुझं न्हाई. मी वाटलं. तिकीट मी फाडलं तर पैशे मीच भरायचे. सकाळी शेळी परत करू. आता जेव."

ती जेवली. मी मात्र मास्तरकडं बघत राहिलो. कारण मास्तरकडं शेळी होती.

मास्तरच्या घरात माणूस नव्हतं. बायको लवकर गेलेली, पोरबाळ नाही. होती ती एक पांढरी शेळी. तिच्या दुधाचा चहा तो प्यायचा. म्हशीच्या दुधाला तोंड लावायचा नाही. आणि तिला त्यानं एस.टी.सारखं शिकवलं होतं. एक शिट्टी मारली की थांबायची, दोन मारल्या की चालायला लागायची. गावात लोक मुद्दाम शिट्ट्या मारून तिला मधल्या रस्त्यात उभी करायचे आणि मास्तर शिव्या देत यायचा. शिव्यासुद्धा काय, "विनातिकीट मेल्यांनो!"

शनिवारी सकाळी सारा दावं धरून पुढं, शेळी मधे, मास्तर आणि मी मागं, अशी आमची मिरवणूक चाचाच्या दुकानावर गेली. चाचा कापसाच्या ढिगात बसून गादी टाचत होता.

"चाचा, ही तुमची शेळी," मास्तर म्हणाला.

"क्या मास्टर? मेरे कने बकरी कब थी?"

"नव्हतीच. म्हणून तर परत करायलो."

चाचानं माझ्याकडं बघितलं. मला काय वाटलं असेल ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चाचानं सुई कापसात खोवली, टोपी नीट केली आणि सारापुढं येऊन बसला.

"तूने चुराई थी?"

"न्हाई."

"बेची थी?"

"न्हाई."

"फिर?"

"फादरला तसं सांगितलं."

"हौ, फिर तो मामला पक्का है," चाचा म्हणाला. गालात हसला नाही, डोळ्यांत हसला नाही, कोर्टातल्या जज्जासारखा बसून त्यानं दावं हातात घेतलं. "मिल गई मेरी बकरी. माफ किया."

सारा हलेना. "चाचा, थोडं रागवा ना."

"काय कू?"

"शेळी चोरली तर कुणी असंच माफ करतं का?"

चाचानं डोळे वटारले. "फिर से मेरी बकरी को हात लगाया तो देख!" सारा लगेच खूश. उड्या मारत घरी पळाली आणि गेल्या गेल्या कामाला निघालेल्या आईकडं नाश्ता मागितला.

मास्तर मात्र रस्त्यातच उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. दावं नव्हतं ना हातात. मला म्हणाला, "उद्या पोरीच्या मागं कोण उभं राहणार?"

हाही त्याचाच कायदा. ज्यानं पोराला पहिली प्रार्थना शिकवली, त्यानं कम्युनियनच्या वेळी पोराच्या मागं उभं राहायचं. आईबाप आजूबाजूला, पण मागं तो. साराला शिकवली होती म्हातारीनं.

"तुमीच राहा," मी म्हणालो.

"मी पाप शिकवलं. प्रार्थना वहिनीनं. त्यांच्या जागी तुमी."

"मी देवाशी बोलत न्हाई, मास्तर. तुमाला म्हाईत हाय."

"नका बोलू. उभं राहा. बोलायचं तर पोरीला हाय."

माझ्या तोंडात नाही तयारच होतं. पण ज्या माणसानं आत्ताच आपली एकुलती एक शेळी दुसऱ्याच्या दारात बांधली, त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही.

संध्याकाळी चाचा मास्तरच्या घरी. मी तिथंच होतो. मास्तरपुढं कोरा चहा. चाचा शेळीला ओढत नाही, ढकलत आणतोय.

"मास्टर, ले जा बाबा. लग्नाच्या गादीचा कापूस खाल्ला हिनं! अर्धी गादी इसके पेट में है. आणि जागची हलत न्हाई, दोन पोरं लावून आणली."

शेळीनं मास्तरला बघितलं आणि ती ओरडायला लागली. मास्तरचे डोळे भरले. पण मान हलवली.

"तुमची शेळी हाय, चाचा. म्या घेतली तर पोरीचं प्रायश्चित्त मोडलं."

"मेरी नहीं है!"

"काल नव्हती. आज हाय."

"बरं, ही चालत कशी न्हाई ते तरी सांग!"

"दोन शिट्ट्या मारा."

चाचानं मारल्या. शेळी निमूट त्याच्यामागं चालायला लागली, आणि मास्तर कोऱ्या चहात बघत बसला. मी म्हणालो, "अहो, कम्युनियन झाल्यावर तरी आणा परत." तर म्हणतो, "भाऊ, देवाला दिलेलं प्रायश्चित्त काय सोमवारपर्यंतच असतंय?" आणि शब्द पाळला. शेळी चाचाकडंच राहिली. मास्तर रोज सकाळी पेला घेऊन चाचाच्या दुकानावर जायचा, चाचा त्याला दूध काढून द्यायचा, आणि कापसात बसून दोघं चहा प्यायचे. पुढं पुतण्यानं मास्तरला अर्धापूरला आपल्या केळीच्या बागेवर नेलं आणि तिथंच तो वारला, तोवर हे असंच चाललं. मीही जायचो त्या चहाला. शेळीच्या दुधाचा चहा मला आवडत नाही. तरी जायचो.

रविवारी मी धुतलेला सदरा घातला आणि म्हातारी गेल्यापासून पहिल्यांदा मिस्सेला गेलो. मास्तर दारातच होता, मला बघून नुसता बाजूला झाला. पोरं पांढऱ्या कपड्यांत ओळीनं बसलेली. फादर टायमाला कसेबसे पोचले, हेल्मेटनं केस चपटे झालेले. मिस्सा झाली, ख्रिस्तशरीर द्यायची वेळ आली. पोरं एकेक करून पुढं. मोठी माणसं मागं उभी. एस.टी. पळवणारे दोघं गेले, बँक लुटणारा गेला, सगळे एकदम देवदूतासारखे.

साराची पाळी आली. मी तिच्या मागं. फ्रॉक तिला जरा ढगळ झाला होता. म्हातारीनं कापड नेहमीसारखं वाढत्या मापाचं घेतलेलं. पोरगी फादरपुढं जाऊन उभी राहिली. आता इथं अडली तर काय करायचं?

फादरनी ख्रिस्तशरीर वर उचललं आणि म्हणाले, "ख्रिस्तशरीर."

ह्यावर "आमेन" म्हणायचं असतं, एवढंच. पापडावर हजारदा घोकून घेतलेलं.

सारा मोठ्यानं, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशी म्हणाली, "शेळी दिली, फादर."

फादरचा हात हवेतच थांबला. त्यांना हसता येईना, हो म्हणता येईना, कोणती शेळी म्हणून विचारताही येईना. चेहरा लाल झाला, ओठ घट्ट दाबून धरले, कपाळाला घाम फुटला. एवढ्या अडचणीत सापडलेला माणूस मी आयुष्यात बघितला नाही. बाप्यांच्या बाजूला मास्तर डोळे मिटून, हात जोडून, थरथरत उभा होता, प्रार्थना करतोय की हसतोय ते देवालाच ठाऊक. शेवटी फादरनी घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाले, "ख्रिस्तशरीर."

"आमेन," सारा म्हणाली आणि तोंड उघडलं. चावलं नाही.

आणि मला हसू फुटलं. असं फुटलं की आवरेना. कित्येक महिन्यांचं कुठं अडकून बसलेलं हसू ते. पत्र्याखाली घुमलं. हसता हसता मी बायांच्या बाजूला वळलो, हिनं ऐकलं का ते बघायला. असलं काही झालं की माझी नजर पहिली तिकडंच जायची, सगळं आयुष्य. तिकडं चटईवर सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसायल्या होत्या, खांदे गदागदा हलायले होते, एकीचाही चेहरा धड दिसत नव्हता. त्या पदरांत मी म्हातारीला शोधत राहिलो. जरा वेळच लागला.

मग आठवलं.